वाचून दाखवणारी

सौसरच्या तहसील रोडवर करुणाचं ऑनलाइन सेंटर होतं. सेंटर म्हणजे काय, पत्र्याचं एक दुकान, दोन कॉम्प्युटर, एक खोकलणारा प्रिंटर आणि समोर न संपणारी माणसं. कोणाला जातीचा दाखला हवा, कोणाची सरकारी कुटुंब-नोंदणीची समग्र आयडी चुकलेली, कोणाच्या पोराचा निकाल बघायचा. दिवसभर ती लोकांना त्यांचेच कागद वाचून दाखवायची, आणि तिने जे सांगितलं ते लोक डोळे झाकून खरं मानायचे. संध्याकाळी घरी गेली की तिथेही हेच काम. फरक एवढाच, की घरी ती खोटं वाचायची.

सगळं खोटं नाही. दोनदाच. पण ती दोन वाक्यं अशी होती, की त्यांच्यापुढे बाकीचं सगळं खरं पाण्यात गेलं.

तिचे वडील भाऊराव नगरपालिकेत बाबू होते. सगळी नोकरी हिंदी टायपिंगवर काढली. हात टाइपरायटरवर आणि गालात सुपारी-तंबाखूचा खर्रा, असा त्यांचा जन्म गेला. खर्ऱ्याचं काय सांगावं! आमच्या भागात पाहुण्याला पाणी नंतर विचारतात, आधी खर्ऱ्याची पुडी पुढे करतात; नाही म्हटलं तर माणूस माजला असं धरतात. भाऊराव कधी माजले नाहीत. साठी उलटली, निवृत्त झाले, आणि वर्षाच्या आत जिभेवर जखम आली. नागपूरला नेलं. जीभ गेली, डाव्या बाजूचा जबडा गेला, नाकातून नळी आली. माणूस घरी आला, पण त्याचा आवाज तिकडेच राहिला.

आता गंमत बघा, गंमत कसली, दैवाची चेष्टाच म्हणायची. त्यांची बायको मालती पाच-सहा वर्षांपूर्वीच काचबिंदूने आंधळी झालेली. तिला दिसत नव्हतं, पण नवरा बोलत होता तोवर तिचं काही अडलं नाही. उंबरा कुठे आहे, दूध उतू चाललंय का, दारात कोण आलंय, सगळं भाऊराव सांगायचे. आता एकाला बोलता येईना, दुसरीला बघता येईना. दोघं एकाच खाटेवर शेजारी बसायची आणि मधे करुणा. भाऊराव पाटीवर लिहायचे, करुणा वाचायची, मालती ऐकायची.

त्यातही एक वळण होतं. भाऊराव लिहायचे हिंदीत. जन्मभर माणूस मराठी बोलला, मराठीत भांडला, झोपेतसुद्धा मराठीतच बरळला. पण हातात लेखणी आली की हिंदी. सौसर-पांढुर्णा पडतं मध्य प्रदेशात, तिथे हे असंच आहे. शाळा हिंदी, कचेरी हिंदी, चुलीपाशी मराठी. शिवाय भाऊरावांची हिंदी कचेरीतली. तहान लागली तर पाटीवर यायचं, ‘पानी देने का कष्ट करें।’ करुणा हसू दाबत आईला सांगायची, “बाबा पानी मांगून राहिले.” हिंदीतून मराठीत आणताना थोडं इकडचं तिकडे होतंच, त्याचं कोणाला काही वाटत नसे. ही वाट अशी आधीच रुळलेली होती. खोटं त्याच वाटेने आलं.

पोळ्याच्या सुमाराला मानेत गाठ आली. डॉक्टर म्हणाले, कीमो देऊन बघू, फरक पडला तर पडेल. बरं होईल असं काही ते म्हणाले नाहीत. त्या संध्याकाळी भाऊरावांनी पाटी घेतली, सावकाश लिहिलं आणि करुणाच्या हातात दिली. ‘अब इलाज बंद करना उचित रहेगा। घर पर ही रहने की इच्छा है।’

“काय म्हनतात वं?” मालतीने विचारलं.

करुणाने पाटी पाहिली, बापाचा उरलेला अर्धा चेहरा पाहिला, आणि म्हणाली, “बाबा म्हनतात, इलाज चालू ठेवू.”

मालतीने सुटकेचा श्वास टाकला. भाऊराव पोरीकडे बघत राहिले. त्यांना खाटेवर हात आपटता आला असता, मान हलवून पोरीला थांबवता आलं असतं. त्यांनी बाहीने पाटी पुसली. आठ दिवसांनी पुन्हा तेच लिहिलं. करुणाने पुन्हा तेच वाचलं. त्यानंतर त्यांनी तो विषय लिहिला नाही. शेजारपाजारच्या कोणाला बोलावून वाचून घेतलं असतं, पण मग पोरीचं खोटं चव्हाट्यावर आलं असतं. आपल्या मरणापेक्षा त्यांना पोरीची लाज मोठी वाटली. करुणाला हे कळत होतं, आणि कळत असूनही ती त्यांना दर खेपेला गाडीत घालून नागपूरला नेत होती. बाप हवा होता तिला. दुसरं कारण नव्हतं.

तिसऱ्या कीमोनंतर भाऊरावांची बोटं बधिर झाली. नखं काळी पडली. पाटीवरची अक्षरं आधी वाकडी झाली, मग लेखणीच हातातून गळायला लागली. करुणाने आपला मोबाइल दिला, त्यात लिहिलेलं बोलून दाखवणारं काहीतरी घालून दिलं. पण मेलेल्या बोटाला काचेवरचं अक्षर समजेना. एक दाबावं तर तीन उमटायची, नाहीतर एकही नाही. भाऊरावांनी मोबाइल खाली ठेवला आणि भिंतीकडे तोंड केलं. ही बोटं कोणत्या खोट्यापायी गेली हे घरात दोघांनाच ठाऊक होतं.

एका दुपारी मालती म्हणाली, “करुणा, नवरा-बायकोचं बोलनं पोरीच्या तोंडून किती दिवस चालन? तू सांगतं ते तुह्या आवाजात असते. मले वाटते घरात तूच एकटी बोलून राहिली.”

ती सहज बोलली होती. पण करुणाला ते लागलं. त्या दिवशी तिने ठरवलं, बाबांना आपलं आपलं बोलता येईल असं काहीतरी करायचं. बोलता आलं तर बाबा काय बोलतील, हेही तिला ठाऊक होतं. एका हाताने करायचं आणि दुसऱ्या हाताने टाळायचं, अशा मनाने तिने ते काम धरलं.

भाऊरावांना बटणं हवी होती, दाबली की खाली जाणारी, बोटाला नाही तरी हाताला कळणारी. आणि मशीन असं हवं, की खाटेवर मांडीवर मावेल. लोधीखेड्याला एक खाजगी कॉम्प्युटर क्लास बंद पडला होता. त्याच्या भंगारात तिला एक छोटं यंत्र मिळालं. टॅबलेट म्हणावं तर त्याला कीबोर्ड अडकवलेला, लॅपटॉप म्हणावं तर पाटीएवढा. कंपनीचं नाव कोणी ऐकलेलं नाही. आत जुनी विंडोज, तिनेच सगळी जागा खाऊन टाकलेली. चालू केलं की अर्धा तास नुसता गोल फिरत राहायचा. करुणाने ठरवलं, हे सगळं पुसायचं आणि लिनक्स टाकायचं. फुकटचं, हलकं, आणि बोलणारा प्रोग्राम त्यात आयता मिळतो. सेंटरमधल्या एका जुन्या कॉम्प्युटरवर तिने ते आधी टाकलं होतं. तासाभराचं काम, असं तिला वाटलं.

तासाभराचं काम! मशीनला पेनड्राइव्हच दिसेना. लिनक्स भरलेला ड्राइव्ह लावावा, चालू करावं, आणि त्याने सरळ विंडोजच्या दारात जाऊन उभं राहावं. दुसरा ड्राइव्ह घेतला, तिसरा घेतला. शेवटी नेटवर शोधता शोधता उलगडलं: मशीनचा मेंदू चौसष्ट बिटचा, पण त्याला झोपेतून उठवणारा आतला चिमुकला प्रोग्राम बत्तीस बिटचा. चौसष्टची हाक बत्तीसच्या कानाला लागतच नव्हती. त्यासाठी एक छोटी फाइल वेगळी मिळवून ड्राइव्हमधल्या ठरल्या जागी ठेवावी लागते. ठेवली. मशीन उठलं, पण आडवं. सगळी अक्षरं उजव्या कुशीवर झोपलेली. मान वाकडी करून तिने पुढचं सगळं केलं, आणि मग सुरू होतानाच्या आज्ञेत एक ओळ घालून पडदा सरळ केला. मानेला लचक भरली ती वेगळीच.

इथवर ठीक. मग तिने बोलणारा प्रोग्राम उघडला, ‘नमस्ते’ लिहिलं, बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. मशीन मुकं.

मुक्या माणसासाठी आणलेलं मशीन मुकं निघावं, याला काय म्हणायचं? पण नेटवर विचारलं तर म्हणे, हे असल्या मशीनचं नेहमीचंच दुखणं. आवाजाची चिप एकच, पण कंपन्यांनी ती आत कशीही जोडलेली. कोणी स्पीकर इकडे, कोणी तिकडे. लिनक्सला सांगावं लागतं, बाबा, तुझा आवाज अमक्या वाटेने सोड. ती वाट एका आकड्याने सांगायची. आकडा कोणता? ते ज्याचं त्याने शोधायचं. परदेशात बसून उंटावरून शेळ्या हाकणारे सल्लागार खूप. एक म्हणतो हा आकडा घाल, दुसरा म्हणतो तो. करुणा सेंटरमधली गर्दी ओसरली की एक आकडा घालायची, मशीन बंद करायची, चालू करायची, ‘नमस्ते’ लिहायची, कान लावायची. मुकं. पुढचा आकडा. मुकं. तिच्या नाकी नऊ आले. मधे आणखी एक कीमो झाला, आणि भाऊराव इतके ओकले, की नळी बाहेर आली. दवाखान्यात तिने ती पुन्हा घालताना पाहिली. बाप तिच्याकडे बघत होता. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं.

हात टेकून ती एका दुपारी पांढुर्ण्याला गेली. तिथे स्टेशनकडच्या रस्त्यावर सागरचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. एकाच कॉलेजात शिकलेली दोघं. तिने मशीन त्याच्यापुढे टाकलं.

“सारे आकडे घालून पाह्यले सागर. आवाजच नाही निघून राहिला.”

सागरने मशीन उलटंपालटं केलं, कानावर धरलं, आणि आपल्या गळ्यातला इअरफोन काढून त्याच्या भोकात खुपसला. “आता बोलव बरं.”

तिने ‘नमस्ते’ लिहिलं. सागरचे डोळे मोठे झाले. त्याने इअरफोनचं एक टोक तिच्या कानात घातलं. घोगरा, यांत्रिक, नाकातला आवाज. “नमस्ते.”

“आवाज तं केव्हाचाच निघून राहिला असन हा,” सागर म्हणाला. “इअरफोन लावून पाह्यला नाही का तू एकदाबी?”

नाही पाहिला. तिचं सगळं लक्ष आकड्यांत. सागरने झाकण उघडलं; स्पीकरची तार उंदराने कुरतडलेली, खाली नुसता चुरा. त्याने एका जुन्या मोबाइलचा स्पीकर काढून तिथे डाग देऊन जोडला, झाकण लावलं. आता आवाज साऱ्या दुकानात घुमला. सागर खूश झाला, चहा सांगितला. करुणा चहा पिता पिता मनात मागचा हिशेब लावत होती. बरोबरचा आकडा केव्हाच घातला गेला असणार, बहुधा त्या शेवटच्या कीमोच्या आधीच. मशीन बोलत होतं. ऐकायला कोणी कान लावला नव्हता.

सौसरच्या बसमध्ये मशीन मांडीवर होतं. सोमवारी पुन्हा नागपूर. घरी सांगायचं, अजून आवाज येत नाही. सोमवार होऊन जाऊ द्यायचा. मग आणायचं बाहेर. कोणाला ताकास तूर लागणार नव्हती. हा विचार तिच्या मनात आला, आणि अर्ध्या वाटेपर्यंतही टिकला नाही. मग तिला त्या ओकाऱ्या आठवल्या. घरी शिरताच तिने मशीन पिशवीतून काढून बापाच्या मांडीवर ठेवलं.

कीबोर्ड तिने टाइपरायटरच्या जुन्या पद्धतीचा लावून दिला होता. भाऊरावांची मेलेली बोटं बटणांवर गेली आणि आपोआप आपल्या जागी बसली. जन्मभराची सवय ती. बोटं विसरली तरी मनगटं विसरली नव्हती. त्यांनी सावकाश लिहिलं, बटण दाबलं. मशीन बोललं, “मालती, कृपया चिंता न करें। मैं कुशल हूँ।”

मालती दचकली. झटकन डोक्यावरून पदर घेतला, खाटेच्या कडेला सरकली, आणि म्हणाली, “हो साहेब.”

करुणाला हसावं का रडावं कळेना. “आई, साहेब नोहे. बाबा हायेत.”

“तुह्या बाचं बोलनं हाये का हे? माह्याशी एवढ्या जिंदगीत एक शब्द हिंदी नाही बोलले ते. हे तं दवाखान्यातलं बोलनं.” मालतीचा चेहरा पडला. “राहू दे बाई. तूच वाच.”

चूक करुणाची, आणि करुणाची तरी कशी? ती स्वतः हिंदीतच शिकलेली. लिहायचं म्हणजे हिंदी, हे तिला इतकं अंगवळणी पडलेलं, की आवाज निवडताना दुसरा काही विचारच मनात आला नाही. त्याच यादीत खाली मराठी आवाज होता. तिने तो लावला. “बाबा, आता जसं बोलत होते न, तसंच लिवा. शाळेतलं नोको. घरचं.”

भाऊरावांची बोटं बटणांवर थांबली. बराच वेळ थांबली. हजारो अर्ज, नोटिसा, ठराव टाइप केलेला माणूस. घरचं बोलणं लिहिता येतं, हेच त्याला कधी कोणी सांगितलं नव्हतं. दोन शब्द लिहिले, खोडले. पुन्हा लिहिले. मग बटण दाबलं.

“मालते, पदर पाड डोक्यावरचा. मीच हावो, साहेब नोहे.”

आवाज तोच घोगरा. पण मालतीने हात पुढे केला, नवऱ्याचा गुडघा चाचपला, आणि ती हसली, आणि हसता हसता तोंडाला पदर लावून हुंदके द्यायला लागली. करुणा पाणी आणायला म्हणून आत गेली आणि आतच उभी राहिली.

दोन दिवस घरात बोलणं होतं. खिडकी लावून घे, लोक म्हणतात थंडी गेली पण गेली नाही, तुझी ती निळी साडी कुठे आहे. भाऊराव एकेक वाक्य खोदून काढल्यासारखं लिहायचे. रविवारी सकाळी करुणा नागपूरसाठी रिपोर्टांची फाइल लावत होती. खाटेवरून मशीन बोललं, “मालते, मले आता नागपूरले नोको नेऊ. लय झालं. घरीच राहू दे.”

मालती त्यांच्याकडे सरकली. मग म्हणाली, “लय दुखते का?”

“दुखते.”

“हे आताच आलं का मनात? का पहिलेबी वाटत होतं?”

भाऊरावांनी करुणाकडे पाहिलं नाही. बोटं बटणांवर जराशी थांबली, मग चालली. “आताच आलं.”

“खोटं बोलाले मशीन लागते का तुमाले?” मालती म्हणाली. “आवाज बदलला तं काय, थांबनं तं तुमचंच हाये. मले ओयखू येत नाही का?” आणि तिने चेहरा करुणाच्या दिशेने वळवला. “तू सांग. लिहिलं होतं का त्याहीनं पहिले?”

भाऊराव हात हलवून पोरीला नको नको म्हणत होते. करुणाच्या हातात फाइल होती. आणखी एकदा खोटं बोलायचं, एवढंच काम होतं.

“हो,” ती म्हणाली. “पोळ्याच्या टायमाले. दोनदा लिहिलं.”

“अन् तू काय वाचलं?”

“इलाज चालू ठेवू म्हनून वाचलं.”

मालतीने आरडाओरडा केला नाही. तिने नवऱ्याचा हात शोधला आणि एकेका बोटाच्या टोकावरून आपलं बोट फिरवलं, काळ्या नखांवरून, तिला न दिसणाऱ्या. “म्हंजे हे सारं फुकटच भोगलं तुमी,” ती त्यांना म्हणाली. मग करुणाला म्हणाली, “तू बाहीर जाय जराशी. आमाले बोलाचं हाये.”

करुणा अंगणात येऊन बसली. आतून मशीनचा आवाज येत होता, थांबत होता, पुन्हा येत होता. शब्द कळत नव्हते, आणि तिने कान लावला नाही.

नागपूरची गाडी गेली नाही. भाऊराव घरीच राहिले, उन्हाळा लागायच्या आत घरीच गेले. शेवटच्या दिवसांत बोटांत बटण दाबायचीही ताकद नव्हती, पण तोवर दोघांचं बोलून झालं होतं. काय बोलणं झालं ते मालतीने कोणाला सांगितलं नाही. करुणाला तर नाहीच.

मायलेकी अजून एकाच घरात राहतात. मालती तिच्यावर रागावत नाही. जेवलीस का विचारते, सेंटरमध्ये गर्दी होती का विचारते, तिच्या केसांना तेल लावून देते. परवा दुपारी करुणा घरीच होती, दारापाशी बसून तांदूळ निवडत होती. मालतीची प्रेशरची गोळी घ्यायची वेळ झाली. तिने डब्यातून गोळ्यांची पट्टी काढली, भिंत धरत धरत करुणाच्या अंगावरून अंगणात गेली, आणि कुंपणापलीकडच्या शेजाऱ्यांच्या सुनेला हाक मारली.

“ऋतुजा, वाच न वं बाई जरा, कोनती गोयी हाये हे?”

ऋतुजाने हात पुसत येऊन नाव वाचलं. करुणा तांदूळ निवडत राहिली. नाव बरोबर होतं.